पावसाळ्यात आकाशदर्शन थांबले की मंडळ विषयावरून का भरकटते? निदान आणि उपाय

हौशी आकाश निरीक्षकांच्या आपल्याकडील बहुतेक मंडळांसमोर दरवर्षी जून ते ऑक्टोबर या महिन्यांत एकच अडचण उभी राहते. अमावास्येच्या आगेमागे शनिवारी रात्री वांगणीला, नेरळला किंवा पुण्याबाहेरच्या एखाद्या माळावर होणारे आकाशदर्शन पाऊस लागला की थांबते. मंडळाच्या बैठका मात्र चालूच राहतात, आणि ज्या कार्यक्रमासाठी लोक एकत्र येतात तोच नसल्यामुळे या बैठकांतले बोलणे हळूहळू आकाश सोडून इतरत्र जाऊ लागते. सप्टेंबर येईपर्यंत उपस्थिती रोडावते, आणि दिवाळीनंतर पहिली निरभ्र रात्र मिळते तेव्हा मंडळाची घडी पुन्हा बसवण्यात दोन महिने जातात. ही अडचण दरवर्षी येणारी असल्यामुळे तिच्यावर दरवर्षी नव्याने हळहळण्यापेक्षा तिचे नीट निदान करावे, आणि जे उपाय प्रत्यक्षात लागू पडतात ते पावसाळा लागण्यापूर्वीच ठरवून ठेवावेत, या हेतूने हे लिहीत आहे.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे एकाच प्रश्नाची पुनरावृत्ती. 'पुढचे आकाशदर्शन कधी?' असे कोणीतरी विचारतो, 'पाऊस थांबला की' असे उत्तर मिळते, आणि पुढच्या बैठकीत तोच प्रश्न दुसऱ्या तोंडून येतो. या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, कारण त्यात तारीख नसते.

दुसरे लक्षण म्हणजे भरकटणे, आणि त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. दूरचे भरकटणे सहज दिसते: पावसाळी ट्रेक, धबधबे, रस्त्यांवरचे खड्डे, निवडणुका. त्याने फारसे नुकसान होत नाही, कारण आपण विषय सोडला आहे हे बोलणाऱ्यालाही कळत असते. जवळचे भरकटणे अधिक घातक असते, कारण ते विषयाला धरून असल्यासारखे भासते. कोणती दुर्बीण घ्यावी, कोणत्या आयपीसची (दुर्बिणीच्या डोळ्याकडील भिंगाची) किंमत किती, कोणता कॅमेरा आता जुना झाला, या चर्चा तासन्‌तास चालतात. कोरड्या महिन्यांत नवखा सभासद दुसऱ्याच्या दुर्बिणीतून शनीची कडी पाहतो आणि छंदाला काय लागते हे डोळ्यांनी शिकतो. पावसाळ्यात त्याच्या कानावर फक्त किमती पडतात, आणि हा छंद आपल्या खिशाला परवडणारा नाही असा समज करून घेऊन तो निघून जातो. ग्रहांच्या राशिबदलाची आणि त्याच्या फलिताची चर्चा हाही जवळच्याच भरकटण्याचा एक प्रकार आहे. त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

सर्वांत मोठे नुकसान मात्र उपस्थितीच्या वहीतून लगेच लक्षात येत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत पालकांबरोबर आलेली शाळकरी मुले पहिल्यांदा आकाश ओळखू लागतात आणि नेमका त्याच वेळी कार्यक्रम थांबतो. ऑक्टोबरात सहामाही परीक्षा, मग दिवाळी. या मुलांना पुन्हा आकाशाखाली यायला सहा महिने लागतात, आणि त्यांपैकी अनेक जण पुन्हा येतच नाहीत.

कारण कुठे आहे

बहुतेक संयोजक याला बेशिस्त समजतात. मला ते निदान चुकीचे वाटते. आकाशदर्शनाच्या रात्री प्रत्येकाला काम असते: एक जण दुर्बीण लावतो, एक जण तारकासमूह दाखवतो, एक जण मुलांची रांग सांभाळतो, एक जण नोंदवही लिहितो. बोलण्याचा क्रमही आकाशच ठरवून देते, कारण पश्चिमेला जे मावळत आहे ते आधी पाहावे लागते. त्यामुळे त्या रात्री 'विषयाला धरून बोला' असे कोणाला सांगावे लागत नाही. पाऊस आला की कार्यक्रमाबरोबर ही कामांची वाटणीही जाते आणि गोलाकार मांडलेल्या खुर्च्या तेवढ्या उरतात. हाताला आणि डोळ्याला काम नसलेली माणसे एकत्र बसली तर ती गप्पाच मारणार, आणि गप्पा कुठेही जाऊ शकतात.

दुसरी गोष्ट अशी की सभासदांची चुटपुट खरी असते आणि ती आधी मान्य केली पाहिजे. सूर्य मृग नक्षत्रात असतो तेव्हा, म्हणजे साधारण ८ जूनपासून पुढच्या पंधरवड्यात, मध्यरात्री बरोबर त्याच्या समोरची ज्येष्ठा आणि मूळ ही नक्षत्रे दक्षिणेला मध्यावर असतात. म्हणजेच वृश्चिक, त्यामागोमाग धनू, आणि त्या दोहोंमधून जाणारा आकाशगंगेच्या केंद्राकडचा सर्वांत दाट भाग आपल्याला वर्षातून ज्या महिन्यांत सर्वांत चांगला दिसला असता, त्याच महिन्यांत तो ढगांमागे जातो. ऑगस्टच्या १२-१३ तारखेचा ययातीचा उल्कावर्षावही त्याच ढगांत जातो. युरोपातल्या निरीक्षकांच्या उन्हाळी रात्रींची वर्णने वाचून आपल्या सभासदांना वाईट वाटणे स्वाभाविक आहे.

तिसरी गोष्ट, प्रत्येकाची चुटपुट एकच नसते. कोणाला स्वतः पाहणे आठवते, कोणाला दुसऱ्याला दाखवणे, कोणाला घराबाहेर मित्रांसोबत जागवलेली रात्र, आणि थोड्यांना आपल्या नोंदींची मालिका तुटल्याची खंत असते. हे भर बैठकीत विचारले तर सगळेच 'आकाश' म्हणतील. म्हणून जूनच्या सुरुवातीला प्रत्येकाला वेगळे गाठून विचारावे आणि उत्तरे लिहून ठेवावीत. उपाय कोणता लागू पडेल हे या चार प्रकारांवरच ठरते.

निदान पक्के करण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. एखाद्या बैठकीत कोणतीही सूचना न देता टेबलावर प्रत्यक्ष काम ठेवावे: मागच्या हिवाळ्यात काढलेली छायाचित्रे आणि मोजपट्टी, किंवा खोलून साफ करायची एखादी जुनी दुर्बीण. अर्ध्या तासात बोलणे आपोआप त्या कामाभोवती गोळा झाले, तर दोष थांबलेल्या कार्यक्रमाचा आहे आणि पुढचे उपाय उपयोगी पडतील. तसे झाले नाही, तर कारण दुसरे आहे. त्याचा विचार शेवटी केला आहे.

नियम आणि व्याख्याने

विषयांतरावर बंदी घालणे हा पहिला सुचणारा उपाय असतो आणि तो सहसा उलटतो. बडबड्या सभासदांवर त्याचा परिणाम होत नाही, आणि आधीच संकोचाने बोलणारे नवे सभासद मात्र पूर्ण गप्प होतात. व्याख्यानमाला हा दुसरा उपाय. कृष्णविवरांवरचे चांगले व्याख्यान ऐकायला कोणाला आवडणार नाही? पण व्याख्यान ऐकणाऱ्याला काम देत नाही. चार व्याख्यानांनंतर निरीक्षकांचे श्रोते झालेले असतात, आणि चहाच्या वेळी बोलणे पुन्हा खड्ड्यांवर येते. महिन्यातून एखादे व्याख्यान जरूर ठेवावे. सारा पावसाळा त्यावर रेटू नये.

ढगांच्या फटीतून निरीक्षण

सगळ्यांत जास्त भर मी या उपायावर देईन, कारण तो थांबलेली गोष्टच लहान तुकड्यांत परत देतो. चार महिने एकही तारा दिसत नाही हे खरे नसते. जुलै-ऑगस्टमध्येही पावसाची उघडीप होते, रात्री दहा-पंधरा मिनिटे ढग फाटतात, आणि पावसाने हवेतली धूळ खाली बसल्यामुळे त्या फटीतले आकाश हिवाळ्यातल्या धुरकट शहरी आकाशापेक्षा कितीतरी पारदर्शक असते. अडचण अशी की या फटीचा अंदाज करता येत नाही, त्यामुळे सहलीचा कार्यक्रम आखता येत नाही. मग असे निरीक्षण निवडावे, ज्याला सहल लागत नाही आणि पाच मिनिटे पुरतात.

रूपविकारी, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होत राहते अशा ताऱ्यांची तेजस्विता नोंदवणे हे असे निरीक्षण आहे. पावसाळ्यात संध्याकाळनंतर अभिजित आणि श्रवण हे दोन ठळक तारे उंचावर असतात, आणि दोघांच्याही शेजारी एकेक उत्तम रूपविकारी तारा आहे. श्रवणाच्या गरुड तारकासमूहातील ईटा हा तारा ७.१८ दिवसांच्या आवर्तनात साधारण ३.५ आणि ४.३ या प्रतींच्या दरम्यान उजळतो आणि मंदावतो (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; अंक जितका मोठा तितका तारा मंद). अभिजितच्या स्वरमंडळ तारकासमूहातील बीटा हा तारा सुमारे १२.९ दिवसांत ३.३ ते ४.३ च्या आसपास बदलतो. तो जोडतारा आहे, त्यातील तारे एकमेकांना झाकतात, म्हणून त्याच्या एका आवर्तनात एक खोल आणि एक उथळ अशा दोन मंदी येतात. शेजारच्या, प्रत माहीत असलेल्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून 'याच्याहून मंद, त्याच्याहून ठळक' असा अंदाज करायचा, वेळ लिहायची आणि घरात यायचे. बीटाच्या अगदी जवळचा गॅमा हा ३.२ प्रतीचा तारा तुलनेला सोयीचा आहे. ठाणे, डोंबिवली किंवा पिंपरीच्या गच्चीवरून चौथ्या प्रतीचे तारे नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण असते; तिथे साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) वापरावी.

या कामाचा मोठा गुण असा की तुटक नोंदी येथे वाया जात नाहीत. तारा दर ७.१८ दिवसांनी तेच चक्र पुन्हा करत असल्यामुळे जुलैतली एक नोंद, ऑगस्टमधल्या तीन आणि सप्टेंबरातल्या पाच अशा सगळ्या नोंदी एकाच आवर्तनावर घडी घालून मांडता येतात. ठरलेल्या आरंभवेळेपासून गेलेल्या दिवसांना ७.१८ ने भागायचे, पूर्णांक सोडून द्यायचा आणि उरलेला अपूर्णांक आडव्या अक्षावर घ्यायचा. साताऱ्यात ढग असताना नाशिकला फट मिळालेली असते, म्हणून सगळ्यांच्या नोंदी एका आलेखावर आणल्या की सप्टेंबरअखेर मंडळाच्या हाती ताऱ्याचा चढउतार दाखवणारा स्वतःचा वक्र येतो. प्रत्येक बैठकीची सुरुवात त्या पंधरवड्यातल्या नोंदी आलेखावर मांडण्यापासून करावी. कोणाचा ठिपका वक्राबाहेर पडला, का पडला, तुलनेचा तारा चुकला की पातळ ढग होते, यावर होणारी चर्चा पूर्ण विषयाला धरून असते आणि ती कोणाला सांगून करवावी लागत नाही.

हे दोन्ही तारे बदलतात हे १७८४ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क या गावी लक्षात आले: ईटाचे बदल एडवर्ड पिगट यांनी ओळखले आणि बीटाचे त्यांचे तरुण, कर्णबधिर मित्र जॉन गुडरिक यांनी. यॉर्कचे आकाशही ढगाळच असते, हे आपल्या सभासदांना जरूर सांगावे. त्याहून जवळचे उदाहरण बंगालमधील जेसोरचे. तिथल्या कोषागारात साधी नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी तीन इंची दुर्बिणीपासून सुरुवात करून रूपविकारी ताऱ्यांची हजारो निरीक्षणे अमेरिकेतील १९११ साली स्थापन झालेल्या निरीक्षक संघटनेकडे पाठवली. जेसोरचा पावसाळा आपल्यापेक्षा सौम्य मुळीच नाही. ती संघटना आजही हौशी निरीक्षकांच्या नोंदी स्वीकारते, आणि जगाच्या या भागातून पावसाळ्यात तिच्याकडे फार थोड्या नोंदी जातात. म्हणजे आपल्या फटींतल्या नोंदींना खरी किंमत आहे.

पूर्वतयारी म्हणून जूनच्या बैठकीत तुलनेच्या ताऱ्यांचा छापील नकाशा प्रत्येकाच्या हाती द्यावा आणि एकाच भागात राहणाऱ्या सभासदांचे छोटे गट पाडावेत. फट दिसलेल्याने इतरांना फोन करायचा, एवढाच नियम पुरे. ज्यांना नोंदींची मालिका तुटल्याचे दुःख असते, त्यांच्यावर या उपायाचा परिणाम सर्वांत लवकर दिसतो.

दिवसा मिळणारी फट

मुलांसाठी मात्र सूर्य अधिक सोयीचा आहे, कारण फट दिवसा मिळते आणि शाळेच्या मैदानावर काम करता येते. सूर्याची प्रतिमा दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर घ्यावी, किंवा दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा सौर फिल्टर वापरावा. आयपीसला लावायचे छोटे काळे फिल्टर कुठे मिळाले तर फेकून द्यावेत. उष्णतेने ते तडकतात आणि डोळा कायमचा जातो. साध्या दुर्बिणीतून किंवा नुसत्या डोळ्यांनी कोणीही सूर्याकडे पाहणार नाही यासाठी दुर्बिणीजवळ एक मोठा माणूस पूर्ण वेळ उभा असलाच पाहिजे, आणि यात कसलीही सूट नाही.

डागांचे गट मोजायचे, त्यांच्या संख्येला दहाने गुणायचे आणि त्यात सुट्या डागांची एकूण संख्या मिळवायची, ही मोजणी स्वित्झर्लंडमधील रुडॉल्फ वोल्फ यांनी १८४८ मध्ये सुरू केली. जगभरातून येणाऱ्या अशा मोजण्या १९८१ पासून ब्रुसेल्स येथे एकत्र केल्या जातात, आणि त्यांत हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा आहे. सातवीतल्या मुलीला हे गणित जमते. मे महिन्यात आलेली मुले पावसाळाभर मंडळाशी जोडलेली ठेवायची असतील, तर त्यांच्याकडे सौर डागांची एक वही सोपवण्यासारखा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

आरसा घासणे

ज्यांना माणसांची सोबत आणि दुसऱ्याला शिकवण्याचा आनंद आठवतो, त्यांच्यासाठी दुर्बिणीचा आरसा घासणे हे पावसाळ्याचे खास काम आहे. दीडशे मिलिमीटर व्यासाच्या आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशासाठी सपाट काचेच्या मध्यभागी जेमतेम १.२ मिलिमीटर खोली काढावी लागते. ८० क्रमांकाच्या कार्बोरंडमपासून, म्हणजे काच घासण्याच्या भरड पुडीपासून, सुरुवात करून १२०, २२०, ३२० असे बारीक होत जायचे आणि शेवटी पिचच्या (डांबरासारख्या पदार्थाच्या) थरावर सेरियम ऑक्साइडने झिलई द्यायची. हे काम काही संध्याकाळी नियमाने चालते, त्यात दोन-तीन माणसे पाळीने लागतात, आणि प्रत्येक पायरीनंतर भरड पूड उरू नये म्हणून टेबल, बादल्या आणि हात सगळे धुवावे लागते. एवढे काम असताना बैठकीला विषय शोधावा लागत नाही.

पावसाळा या कामाला अनुकूलही असतो. पिचचा मऊपणा तापमानावर अवलंबून असतो, आणि पुण्यासारख्या ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये दिवस आणि रात्रीच्या तापमानातला फरक वर्षातला सर्वांत कमी असतो. एप्रिलमध्ये दुपारी पसरणारे आणि जानेवारीत पहाटे ठिसूळ होणारे पिच या दिवसांत एकसारखे वागते. झिलईनंतर लिऑं फूको यांनी १८५०च्या दशकाच्या अखेरीस मांडलेली सुरीच्या धारेची चाचणी करायची असते, आणि तिलाही स्थिर तापमानाची बंद खोलीच लागते. दिव्यासमोर धार सरकवताना मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या पातळीवरचे उंचवटे सावलीसारखे डोळ्यांना दिसतात, तेव्हा दुर्बिणींच्या किमतींवर बोलणारे सभासदही आपापली खुर्ची सोडून रांगेत येतात. खरेदीच्या चर्चेवर याहून चांगला उतारा नाही, कारण ज्याने आरसा घासला तो दुर्बिणीकडे किमतीच्या पट्टीने पाहणे थांबवतो. साहित्य एप्रिलमध्येच मागवून ठेवावे. मंडळात अनुभवी माणूस नसेल तर जुन्या संस्थांकडे मदत मागावी. पुण्यातील 'आयुका' या खगोलशास्त्र संशोधन संस्थेने दुर्बीण बांधणीच्या कार्यशाळा घेतलेल्या आहेत, आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यातच, स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी निरीक्षकांची देशातील सर्वांत जुनी संस्था आहे.

त्याच बैठकांत मंडळाच्या दुर्बिणींची निगा राखावी. दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि ती वेळीच न काढल्यास लेपासह काचही खाते. हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलची पुरचुंडी पुरेशी होते. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कोरडे करावेत. आरसा मात्र कापडाने पुसू नये.

नक्षत्रांचे गणित आणि फलिताची चर्चा

गुरू कोणत्या राशीत गेला आणि त्याचे फळ काय, या चर्चेला वादाने उत्तर देण्यात अर्थ नसतो. वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी घट्ट होतात. त्याऐवजी गुरू आज आकाशात नेमका कुठे आहे हे काढायला द्यावे. पंचांग घ्यावे, तारानकाशा घ्यावा आणि दोन्हींवर त्याची जागा खूण करून दाखवावी. पाहण्यासारखे आकाश नसतानाही आकाशाचे हे काम पूर्ण करता येते.

पावसाची नक्षत्रे तर यासाठी हाताशीच आहेत. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त ही नावे आपल्याकडील शेतकरी कुटुंबांत पेरणीपासून काढणीपर्यंत रोजच्या बोलण्यात असतात, पण ती पावसाची नावे नसून त्या त्या वेळी सूर्य ज्या नक्षत्रात असतो त्याची नावे आहेत, हे शहरातल्या अनेक सभासदांना माहीत नसते. वर्तुळाचे २७ भाग केले की प्रत्येक नक्षत्राला १३ अंश २० कला मिळतात आणि सूर्य एका भागात तेरा-चौदा दिवस राहतो. दर बैठकीत चालू नक्षत्र कोणते, त्याच्या समोरचे कोणते, आणि ढग नसते तर मध्यरात्री कोणते तारे मध्यावर दिसले असते, हे एका नव्या सभासदाने फळ्यावर काढून दाखवावे. ज्यांना एवढे जमले त्यांना पुढचा प्रश्न द्यावा: परांचन गतीमुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाच्या संथ डुलण्यामुळे, सूर्याचा मृगप्रवेश इंग्रजी तारखेच्या हिशेबाने सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे जातो, तर शिवकाळात मृग कोणत्या तारखेला लागत असे? हा प्रश्न टाकल्यावर मी खोलीत फलिताचा विषय पुन्हा निघालेला पाहिलेला नाही.

संगणकावरचे काम

दीर्घिकांच्या छायाचित्रांचे वर्गीकरण करण्याचा जो प्रकल्प २००७ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, त्यातून हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेने एका अपरिचित हिरवट वायुमेघाचा शोध लावला. असे काम घरबसल्या करता येते आणि ते खरे विज्ञान आहे. मात्र त्याने बैठक भरत नाही, कारण ते एकट्याने करायचे असते. ज्यांना फक्त पाहण्याची ओढ आहे त्यांच्यासाठी पूरक म्हणून ते सुचवावे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲंटेना पावसाळ्यातही निरीक्षण करत असतात, कारण मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींना ढग अडवत नाहीत. हे सांगितले की नव्या मुलांना पुष्कळ हुरूप येतो.

माण-खटावकडे किंवा सोलापूरकडे पर्जन्यछायेत जाऊन आकाश गाठावे, अशी सूचना दरवर्षी येते. तिथे पाऊस कमी असतो, ढग नसतातच असे नाही. लहान गटाने, हवामान पाहून, आयत्या वेळी जावे. चाळीस माणसांची बस आधी ठरवू नये.

तारीख द्या

'पाऊस थांबला की' या उत्तराची जागा तारखेने घेतली पाहिजे. येथे आपल्या पंचांगाचा विचार आवश्यक आहे. पावसाळ्यानंतरची पहिली भरवशाची अमावास्या म्हणजे आश्विन अमावास्या, आणि त्या दिवशी लक्ष्मीपूजन असते. लोक घरी असतात, आकाशात फटाक्यांचा धूर असतो. हे दरवर्षी ठाऊक असूनही अनेक मंडळे ऑक्टोबरच्या अमावास्येची वाट पाहत बसतात आणि मग कार्यक्रम नोव्हेंबरअखेर होतो.

याऐवजी पुनरारंभासाठी कोजागरी पौर्णिमा धरावी. त्या रात्री लोक एरवीही गच्चीवर येतात, मुलांना जागायची परवानगी असते, आणि मसाला दुधासाठी चंद्र पाहायचाच असतो. पौर्णिमेला चंद्रावरच्या विवरांच्या सावल्या दिसत नाहीत म्हणून निरीक्षक नाक मुरडतात, परंतु टायको विवरापासून चारी दिशांना फाकलेले तेजस्वी पट्टे पौर्णिमेलाच सर्वांत ठळक दिसतात, आणि ते छोट्या दुर्बिणीतून दाखवता येतात. त्यानंतर दहा दिवसांच्या आत, दिवाळीची गर्दी सुरू होण्यापूर्वी कृष्ण पक्षातल्या एका शनिवारी अंधाऱ्या माळावरचा पहिला कार्यक्रम ठेवावा. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्यास्तानंतर दोन-तीन तास धनू रास नैर्ऋत्येला वर असते, म्हणजे पावसाळ्यात हुकलेल्या अभ्रिका (वायू आणि धुळीचे मेघ) आणि तारकागुच्छ पाहायची संधी थोडीशी उरलेली असते. कार्यक्रम अंधार पडताच धनूपासून सुरू करावा. आठ वाजता जेवण आणि मग आकाश असा क्रम ठेवला, तर ती संधीही जाते. या दोन्ही तारखा, राखीव तारखांसह, जूनच्या पहिल्या बैठकीतच जाहीर कराव्यात.

एवढे करूनही फरक पडला नाही तर

टेबलावर काम ठेवण्याची चाचणी फसली, किंवा आकाश मोकळे झाल्यावरही बोलणे पावसाळ्यासारखेच राहिले, तर कारण पाऊस नाही. बहुतेक वेळा अशा मंडळात जुन्या सभासदांची घट्ट मैत्री झालेली असते आणि त्यांना आता आकाशापेक्षा एकमेकांची भेट हवी असते. त्यात वाईट काही नाही. मात्र त्या भेटीला मंडळाची बैठक म्हणत राहिल्याने नव्या माणसांची फसगत होते. अशा वेळी दोन्ही वेगळे करावे: गप्पांसाठी बैठकीनंतरचा चहा, आणि बैठकीत फक्त नोंदी, आरसा व पुढच्या रात्रीची आखणी. बैठकीचा वेळ निम्म्यावर आणला तरी चालेल. दुसरे कारण असे असू शकते की कोरड्या महिन्यांतही सगळी कामे दोन-तीन जणांच्याच हाती असतात आणि बाकीचे केवळ पाहुणे असतात. तसे असेल तर पावसाळ्याचे उपाय पुरणार नाहीत; डिसेंबरपासूनच दुर्बीण लावणे, नोंदवही आणि मुलांची रांग ही कामे दर महिन्याला वेगळ्या माणसाकडे द्यावी लागतील, आणि सुरुवातीला दुर्बीण लागायला अर्धा तास जास्त लागला तरी जुन्या माणसांनी मध्ये हात घालू नये.